प्रकाश वापरतात, पण ऑक्सिजन सोडत नाहीत: ऑक्सिजीवी जिवाणूंचं प्रकाशसंश्लेषण कसं चालतं?

मागच्या उन्हाळ्यात मामाचा फोन आला. त्याच्या शेततळ्यात रोहू आणि कटला सोडलेत. कुणीतरी त्याला लालसर पाण्याची एक बाटली विकली होती. बाटलीवर लिहिलं होतं, ‘प्रकाशसंश्लेषण करणारे जिवाणू’. मामाचा हिशोब सरळ होता. प्रकाशसंश्लेषण म्हणजे ऑक्सिजन. तळ्यातच ऑक्सिजन तयार होणार असेल, तर रात्री एरेटर कशाला चालवायचा? लाईट बिल तरी वाचेल.

मी सॉफ्टवेअरवाला माणूस, बारावीनंतर जीवशास्त्र सोडलेला. पण शंका आली म्हणून दोन रात्री बसून वाचलं आणि लगेच मामाला फोन केला, “मामा, एरेटर अजिबात बंद करू नकोस.” का, ते या लेखात बघूया. त्या निमित्ताने जिवाणूंच्या एका भन्नाट गटाची ओळखही करून घेऊ. हे जिवाणू आपल्यासारखा ऑक्सिजन घेतात, आपल्यासारखं तयार अन्न खातात आणि वर प्रकाशावर स्वतःला चार्जही करतात.

थोडक्यात सांगायचं तर

- प्रकाशसंश्लेषण करणारा प्रत्येक जीव ऑक्सिजन सोडतोच असं नाही.
- ऑक्सिजीवी म्हणजे जगायला ऑक्सिजन लागणारे जीव. यातले काही जिवाणू प्रकाशापासून ऊर्जा मिळवतात, पण पाणी फोडत नाहीत. त्यामुळे त्यांच्याकडून ऑक्सिजन तयार होत नाही.
- शरीर बांधायला लागणारा कार्बन ते तयार अन्नातून घेतात.
- प्रकाशामुळे त्यांचं अन्न कमी जळतं. त्यांचा खरा फायदा हाच.

प्रकाशसंश्लेषण म्हणजे नक्की काय?

शाळेत आपण एकच वाक्य पाठ केलं: झाड सूर्यप्रकाश, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड घेतं, साखर बनवतं आणि ऑक्सिजन सोडतं. वाक्य बरोबर आहे, पण त्यात दोन वेगळी कामं एकत्र बांधली आहेत.

पहिलं काम ऊर्जेचं. प्रकाश पकडायचा आणि त्यापासून एटीपी बनवायचं. एटीपी म्हणजे पेशीचं चलन, पेशीतला खर्चाचा सुटा पैसा. पेशीला काहीही करायचं असलं, तरी ती एटीपी मोजून देते.

दुसरं काम बांधकामाचं. हवेतला किंवा पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड पकडून त्यापासून साखर बनवायची.

मग ऑक्सिजन कुठून येतो? पहिल्या कामातून. झाडाला या कामासाठी इलेक्ट्रॉन लागतात आणि ते मिळवण्यासाठी झाड पाण्याचा रेणू फोडतं. पाणी फुटलं की ऑक्सिजन उरतो. म्हणजे ऑक्सिजन हा पाणी फोडण्याचा परिणाम आहे, प्रकाश पकडण्याचा नाही. हा फरक लक्षात ठेवा, पुढचा सगळा लेख त्यावरच उभा आहे.

प्रकाश वापरणाऱ्या जिवाणूंचे तीन गट

१. सायनोबॅक्टेरिया. यांनाच आपण नीलहरित शैवाल म्हणतो. हे झाडासारखी दोन्ही कामं करतात, पाणी फोडतात आणि ऑक्सिजन सोडतात. पृथ्वीच्या हवेत सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी ऑक्सिजन साठू लागला, तो यांच्याच कामामुळे.

२. ऑक्सिजन नसलेल्या जागी प्रकाश वापरणारे जांभळे जिवाणू. हे तळ्याच्या गाळात किंवा साचलेल्या पाण्यात राहतात. पाण्याऐवजी हायड्रोजन सल्फाइड किंवा सेंद्रिय पदार्थांकडून इलेक्ट्रॉन घेतात. ऑक्सिजन सोडत नाहीत. उलट आजूबाजूला ऑक्सिजन वाढला की प्रकाश पकडणारं रंगद्रव्य बनवणंच थांबवतात. तळ्यासाठी विकल्या जाणाऱ्या बाटल्यांत सहसा याच गटातले जिवाणू असतात.

३. ऑक्सिजीवी, पण ऑक्सिजन न सोडणारे. हे आजचे आपले हिरो. यंत्रणा दुसऱ्या गटासारखी, पण राहणीमान आपल्यासारखं. ऑक्सिजनशिवाय यांचं पान हलत नाही.

यांचा शोध कसा लागला?

१९७० चं दशक संपेपर्यंत समज पक्का होता की बॅक्टेरिओक्लोरोफिल हे रंगद्रव्य फक्त ऑक्सिजन नसलेल्या जागी राहणाऱ्या जिवाणूंकडे असतं. बॅक्टेरिओक्लोरोफिल म्हणजे झाडातल्या हरितद्रव्याचा चुलतभाऊ.

जपानमध्ये त्सुनेओ शिबा आणि त्यांचे सहकारी किनाऱ्यावरचं समुद्री शेवाळ, वाळू आणि समुद्राचं पाणी यांतले जिवाणू वाढवून बघत होते. भरपूर हवा असलेल्या बशीत वाढलेल्या नारिंगी-गुलाबी जिवाणूंमध्ये त्यांना हेच रंगद्रव्य सापडलं. १९७८ आणि १९७९ मध्ये त्यांनी हे निकाल प्रसिद्ध केले. १९८२ मध्ये त्यातल्या एका जिवाणूला ‘एरिथ्रोबॅक्टर लाँगस’ असं नाव मिळालं. ‘एरिथ्रो’ म्हणजे लाल. नंतर ‘रोझिओबॅक्टर’ नावाचे गुलाबी भाऊबंदही सापडले.

हे इतके दिवस लपून कसे राहिले? कारण शोधणारे चुकीच्या जागी शोधत होते. प्रकाशावर जगणारा जिवाणू हवा, म्हणून ऑक्सिजन काढून टाकलेल्या बाटल्या उजेडात ठेवायचे. ज्याला ऑक्सिजन लागतोच, तो त्या बाटलीत वाढणार कसा? आमच्या भाषेत सांगायचं तर सर्चचा फिल्टरच चुकीचा लावला होता.

प्रकाश पकडतात कसा?

पायरी पायरीने बघूया.

पायरी १: पेशीच्या पडद्यात बॅक्टेरिओक्लोरोफिल आणि कॅरोटिनॉइड ही रंगद्रव्यं प्रथिनांना चिकटून बसलेली असतात. अँटेना सिग्नल पकडतो तसा हा जथा प्रकाश पकडतो आणि ऊर्जा मध्यभागी असलेल्या अभिक्रिया केंद्राकडे सरकवतो.

पायरी २: केंद्रातल्या बॅक्टेरिओक्लोरोफिलच्या खास जोडीला ऊर्जा मिळाली की तिच्यातला एक इलेक्ट्रॉन उसळून पुढच्या रेणूकडे जातो.

पायरी ३: हा इलेक्ट्रॉन क्विनोन नावाच्या रेणूंवरून, मग सायटोक्रोम नावाच्या प्रथिनांवरून एकेक पायरी खाली उतरतो. उतरताना सुटणाऱ्या ऊर्जेवर प्रोटॉन पडद्याच्या एका बाजूने दुसऱ्या बाजूला ढकलले जातात.

पायरी ४: शेवटी इलेक्ट्रॉन परत जिथून निघाला त्याच जोडीकडे येतो. चक्र पूर्ण. नवीन इलेक्ट्रॉन बाहेरून आणायची गरजच नाही, म्हणून पाणी फोडायचीही नाही. ऑक्सिजन का सुटत नाही, याचं उत्तर इथे आहे.

पायरी ५: पडद्याच्या एका बाजूला प्रोटॉनची गर्दी होते, धरणात पाणी साठतं तशी. ते एका खास प्रथिनातून परत येतात, तेव्हा ते प्रथिन टर्बाईनसारखं फिरतं आणि एटीपी तयार होतं.

एक गंमत सांगतो. आपल्या डोळ्याला साधारण ७०० नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश दिसतो. हे रंगद्रव्य मात्र ८०० ते ८७० नॅनोमीटरच्या आसपासचा अवरक्त प्रकाशही शोषतं. सोसायटीच्या गेटवर रात्री चालणारा सीसीटीव्ही असतो ना? त्यातले बरेच दिवे ८५० नॅनोमीटरचे असतात. म्हणजे आपल्याला जिथे अंधार वाटतो, तिथेही या रंगद्रव्याला प्रकाश मिळू शकतो. अर्थात समुद्रात अवरक्त प्रकाश वरच्या काही मीटरमध्येच विरून जातो. त्याखाली हे जिवाणू कॅरोटिनॉइड आणि रंगद्रव्याच्या दृश्य प्रकाशातल्या पट्ट्यांवर भागवतात. त्यांचा नारिंगी-गुलाबी रंग मुख्यतः कॅरोटिनॉइडमुळेच दिसतो.

मग यांना ऑक्सिजन कशाला हवा?

दोन कारणं आहेत. पहिलं म्हणजे श्वसन. आपल्यासारखंच अन्न जाळून ऊर्जा मिळवणं हा त्यांचा मुख्य धंदा आहे आणि त्याला ऑक्सिजन लागतोच.

दुसरं कारण जास्त मजेशीर आहे. वरच्या पायरी ३ मधला पहिला क्विनोन हा इलेक्ट्रॉनसाठी खुर्चीसारखा असतो. खुर्ची रिकामी असेल तरच नवा इलेक्ट्रॉन येऊन बसणार. या जिवाणूंची रासायनिक ठेवण अशी आहे की ऑक्सिजन नसला की ती खुर्ची कायम भरलेली राहते. मग कितीही प्रकाश पाडा, इलेक्ट्रॉन हलत नाही आणि चक्र अडकतं. ऑक्सिजन असला की श्वसनाच्या साखळीतून इलेक्ट्रॉन निघून जातात आणि खुर्ची मोकळी होते.

पोषकद्रव्यं कोणती लागतात?

प्रकाशातून फक्त ऊर्जा मिळते. शरीर बांधायला माल लागतो. तो असा:

- कार्बन: झाडांमध्ये कार्बन डायऑक्साइड पकडणारं रुबिस्को हे प्रथिन या जिवाणूंकडे नसतं. म्हणून निव्वळ हवा आणि प्रकाशावर ते वाढू शकत नाहीत. शेवाळातून पाण्यात झिरपणारी साखर, सेंद्रिय आम्लं, अमिनो आम्लं असं तयार अन्न त्यांना लागतं.
- नत्र आणि स्फुरद: प्रथिनं बनवायला नत्र, तर डीएनए आणि एटीपी या दोन्हींसाठी नत्र आणि स्फुरद. शेतातल्या पिकाला लागतात तेच दोन घटक.
- लोह: इलेक्ट्रॉनची ने-आण करणाऱ्या सायटोक्रोमच्या मध्यभागी लोह असतं.
- मॅग्नेशियम: बॅक्टेरिओक्लोरोफिलच्या मध्यभागी सहसा मॅग्नेशियमचा अणू असतो. याला एक अपवाद आहे. ‘अ‍ॅसिडिफिलियम रुब्रम’ हा जिवाणू आम्लयुक्त पाण्यात राहतो आणि मॅग्नेशियमच्या जागी चक्क जस्त वापरतो. जपानी शास्त्रज्ञांनी हे १९९६ मध्ये दाखवलं.

देवाणघेवाणही चालते. ‘डायनोरोझिओबॅक्टर शिबे’ हा जिवाणू समुद्रातल्या एकपेशीय शैवालांच्या सोबतीने राहतो. शैवाल त्याला खायला देतं आणि तो शैवालाला बी१ आणि बी१२ ही जीवनसत्त्वं पुरवतो. त्याच्या नावातले ‘शिबे’ म्हणजे शोध लावणारे तेच शिबा.

प्रकाशाचा फायदा नेमका किती?

तुमचा फोन चार्जरला लावून तुम्ही व्हिडिओ बघताय असं समजा. फोन चालू आहे, पण बॅटरी उतरत नाही, कारण लागणारी वीज भिंतीतून येतेय. या जिवाणूंमध्ये बॅटरीच्या जागी अन्न आहे आणि चार्जरच्या जागी प्रकाश.

अंधारात जिवाणूला मिळालेल्या साखरेचा एक भाग जाळावा लागतो, एटीपीसाठी. जळालेला कार्बन कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो. उजेडात एटीपीचा काही भाग प्रकाशातून येतो. मग साखर कमी जळते आणि वाचलेली साखर शरीर बांधायला वापरता येते. प्रयोगशाळेत मोजल्यावर हेच दिसलं. प्रकाश पडला की श्वसन कमी होतं आणि तेवढ्याच अन्नात जिवाणूंचं वजन जास्त भरतं.

आणखी एक हुशारी बघा. बॅक्टेरिओक्लोरोफिल बनवण्याचं काम हे जिवाणू अंधारात करतात. प्रकाश पडला की उत्पादन थांबतं. कारण प्रकाश, ऑक्सिजन आणि हे रंगद्रव्य एकत्र आले की पेशीला इजा करणारे ऑक्सिजनचे घातक प्रकार तयार होऊ शकतात. म्हणून पॅनेल रात्री बसवायचे आणि दिवसा फक्त वापरायचे.

प्रकाश वापरण्याची आणखी सोपी पद्धत

वरची यंत्रणा मोठी आहे, बरेच सुटे भाग लागतात. काही ऑक्सिजीवी जिवाणू हेच काम एकाच प्रथिनावर भागवतात. २००० मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे उपसागराच्या पाण्यातून मिळालेल्या डीएनएमध्ये या प्रथिनाचं जनुक सापडलं. नाव ठेवलं प्रोटिओऱ्होडॉप्सिन. त्याच्या पोटात रेटिनल हा रेणू असतो, आपल्या डोळ्यात प्रकाश ओळखणाऱ्या रेणूच्याच जातीचा. प्रकाश पडला की रेटिनलचा आकार बदलतो आणि एक प्रोटॉन पडद्याच्या बाहेर ढकलला जातो. पुढचं टर्बाईनचं काम तसंच.

याचा उपयोग किती होतो, हे २०१० मध्ये अंदमान समुद्रातून मिळवलेल्या एका व्हिब्रिओ जिवाणूवर तपासलं गेलं. उपाशी ठेवल्यावर तो अंधारापेक्षा उजेडात जास्त चांगला तग धरून राहिला. मग शास्त्रज्ञांनी त्याच्यातलं हे एकच जनुक काढून टाकलं, आपण कोडमधली एक ओळ काढून प्रोग्रॅम पुन्हा चालवून बघतो तसं. उजेडाचा फायदा गायब झाला. जनुक परत घातलं, फायदा परत आला.

या पद्धतीत कार्बन डायऑक्साइड पकडला जात नाही आणि इलेक्ट्रॉनची साखळीही नसते. त्यामुळे काटेकोर अर्थाने याला प्रकाशसंश्लेषण म्हणत नाहीत, प्रकाशातून ऊर्जा मिळवणं एवढंच म्हणतात.

समुद्राच्या हिशोबात यांचं महत्त्व

शोधानंतर वीसेक वर्षं या जिवाणूंना किनाऱ्यावरचं एक कुतूहल समजत होते. मग २००० मध्ये झ्बिग्न्येव्ह कोल्बर आणि सहकाऱ्यांनी एक खास उपकरण पॅसिफिक महासागरात नेलं. ते पाण्यावर प्रकाशाचे झटपट झोत टाकतं आणि जिवाणूंकडून परत येणारी मंद अवरक्त चमक मोजतं. खुल्या समुद्रातही ८८० नॅनोमीटरच्या आसपास बॅक्टेरिओक्लोरोफिलची ओळखीची सही मिळाली. २००१ मध्ये याच गटाने मांडलं की त्यांनी पाहिलेल्या वरच्या थरातल्या सूक्ष्मजीवांपैकी किमान ११ टक्के या प्रकारचे आहेत. नंतरच्या मोजण्यांत हा आकडा जागेनुसार बराच कमीजास्त निघाला.

याने फरक काय पडतो? समुद्र किती कार्बन शोषतो आणि किती परत सोडतो, यावर हवामानाचे अंदाज अवलंबून असतात. जिवाणूंनी खाल्लेल्या अन्नाचा ठरावीक भाग जळून कार्बन डायऑक्साइड होतो असं धरलं, आणि प्रत्यक्षात उजेडात कमी जळत असेल, तर हिशोब चुकतो. अंधाऱ्या बाटलीत श्वसन मोजून दिवसाचा अंदाज बांधणं म्हणूनच धोक्याचं.

आणि हे फक्त समुद्रात नाहीत. गोड्या पाण्याची तळी, माती, अगदी झाडांच्या पानांवरही सापडतात. पानांवर राहणाऱ्या गुलाबी मिथायलोबॅक्टेरियमच्या काही जातींकडे हे रंगद्रव्य असतं. पानातून निसटणारं मिथेनॉल हे त्यांचं अन्न.

नेहमी पडणारे प्रश्न

*हे जिवाणू टाकले तर तळ्यात ऑक्सिजन वाढेल का?*
त्यांच्याकडून ऑक्सिजन तयार होत नाही. ऑक्सिजीवी असतील तर उलट वापरतात. गाळातला सेंद्रिय कचरा किंवा सल्फाइड कमी करायला काही जिवाणूंचा उपयोग होऊ शकतो, पण ते एरेटरची जागा घेऊ शकत नाहीत. रात्री तर तळ्यातलं शेवाळही ऑक्सिजन बनवत नाही, सगळेच फक्त वापरतात. म्हणून पहाटे ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो आणि मासे त्याच वेळी वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसतात.

*कृषी केंद्रात मिळतं ते पीएसबी हेच का?*
नाही. बियाण्याला चोळायला रायझोबियमबरोबर मिळतं ते पीएसबी म्हणजे स्फुरद विरघळवणारे जिवाणू. मत्स्यशेतीतलं पीएसबी म्हणजे प्रकाशसंश्लेषक जिवाणू. अक्षरं तीच, वस्तू वेगळी. मोबाईलवर शोधताना आणि ऑर्डर करताना पूर्ण नाव वाचा.

*२०२० मध्ये लोणारचं सरोवर गुलाबी झालं, ते यांच्यामुळेच का?*
नाही. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले, तेव्हा कारण निघालं हॅलोआर्किया, म्हणजे खूप खारट पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव. ते जिवाणूंपेक्षा वेगळ्या गटात मोडतात. पण त्यांच्यातल्या काहींकडे वर सांगितल्यासारखा एकाच प्रथिनाचा प्रकाश-पंप असतो. हा पंप अशाच एका मीठप्रेमी सूक्ष्मजीवात १९७१ मध्ये पहिल्यांदा ओळखला गेला.

*सगळं एका ओळीत लक्षात कसं ठेवायचं?*
प्रकाश ही ऊर्जा आहे, अन्न हा माल आहे आणि ऑक्सिजन फक्त पाणी फोडणाऱ्याकडून मिळतो.

मामाने बाटली परत केली नाही. गाळासाठी वापरून बघतो म्हणाला. एरेटर मात्र रात्रभर चालू आहे, आणि आता तो नवीन बाटली घेताना दुकानदाराला पहिला प्रश्न विचारतो, “हे जिवाणू पाणी फोडतात का?” तुमच्या ओळखीत कुणाचं शेततळं असेल, तर हा लेख त्यांना जरूर पाठवा.